हलगी कोणासाठी वाजते?

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा बेळगाव या पट्ट्यातून बंगळूरला येऊन स्थायिक झालेल्या माणसाच्या कानातून एक आवाज सहसा जात नाही. जत्रेचा दिवस, तिसरा प्रहर, देवळामागची किंवा नदीकाठची मोकळी जागा आणि लांबून ऐकू येणारा हलगीचा कडकडाट. तो ऐकला की गावात कोणाला दवंडी द्यावी लागत नाही. कुस्त्यांचा फड सुरू झाला एवढे सगळ्यांना कळते. म्हातारी माणसे काठी घेऊन आणि पोरे अनवाणीच तिकडे निघतात.

मराठीत पैलवानांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणणारे कवठेपिरानचे मारुती माने, ही नावे आपल्या घरांतून आदराने घेतली जातात. त्यांतले खंचनाळे तर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. परंतु हौद्याच्या कडेला उभे राहून तीन-चार तास अखंड वाजविणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. तो नेमका कोणासाठी वाजवतो? लढणाऱ्यासाठी, बघणाऱ्यासाठी, की फड भरविणाऱ्यासाठी? या साध्या प्रश्नाचा मागोवा घेत गेलो तर कुस्तीच्या इतिहासाची एक वेगळी बाजू दिसते. ती वाचकांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न.

कंसाचा आखाडा

मल्लयुद्ध आणि वाद्ये यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या आखाड्याचे वर्णन येते. कंसाने धनुर्यागाच्या निमित्ताने मोठा फड भरविला आहे. मंच सजले आहेत, नगरवासी व गावोगावचे लोक जमले आहेत, तूर्ये वाजत आहेत आणि त्या आवाजात मल्लांच्या शड्डूंचे आवाज मिसळले आहेत. चाणूर, मुष्टिक, कूट, शल, तोशल हे मल्ल वाद्यांनी हर्षित होऊन आपापल्या जागी येऊन बसतात. कृष्ण आणि बलराम आखाड्याकडे येतात तेही मल्लांच्या दुंदुभीचा घोष ऐकूनच. आजच्या जत्रेतल्या पोराने हलगी ऐकून धावत सुटावे, त्यातलाच हा प्रकार!

पुढे चाणूर, मुष्टिक, कूट, शल व तोशल मारले जातात, उरलेले मल्ल पळतात. कृष्ण-बलराम आपल्या गोपमित्रांना आखाड्यात ओढून घेतात आणि वाद्यांच्या तालावर सगळे नाचू लागतात. त्या वेळी कंस काय करतो? तो आधी वाद्ये थांबवायला लावतो आणि मग शिक्षेचे हुकूम सोडतो. भागवतकाराने टिपलेला हा तपशील फार बोलका आहे. वाद्ये राजाची, वाजविणारे राजाचे; पण लढत अशी झाली की तीच वाद्ये राजाच्या शत्रूच्या विजयात वाजू लागली. आखाड्यातले वाद्य शेवटी जिंकणाऱ्याचे होते. ते राजाला सहन झाले नाही म्हणून त्याला ते बंद करावे लागले.

कल्याणी ते म्हैसूर

आपण ज्या राज्यात राहतो त्या कर्नाटकाचा या विषयाशी असलेला संबंधही जुना आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने कोणकोणत्या गोष्टींत मन रमवावे हे सांगताना त्याने जे विनोद दिले आहेत त्यांत मल्लविनोद आहे, आणि गीतविनोद व वाद्यविनोदही आहेत. मल्लांच्या प्रती, त्यांचा खुराक, त्यांची मेहनत यांचे त्यात वर्णन आहे. कुस्ती आणि संगीत या दोन्ही गोष्टी एकाच दरबाराच्या आश्रयाखाली होत्या, हे यावरून ध्यानात येते.

पुढे विजयनगरात कृष्णदेवरायाच्या काळी, १५२० च्या सुमारास, दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने महानवमीचा उत्सव पाहिला. तिथल्या मल्लांचे ठोसे असे जबरदस्त की दात पडत आणि डोळे फुटत, असे तो लिहितो. त्याच्यानंतर आलेल्या फेर्नांव नुनिश याने हातात टोकदार कडी घेऊन लढणारे मल्ल नोंदविले आहेत. हीच वज्रमुष्टी. विजयनगर लयाला गेल्यावर १६१० साली राजा वडेयर याने श्रीरंगपट्टणला दसऱ्याची ती परंपरा उचलली आणि ती पुढे म्हैसूरला आली. आजही विजयादशमीला जंबू सवारीच्या आधी म्हैसूरच्या राजवाड्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टीची लढत होते आणि रक्ताचा पहिला थेंब दिसताच ती थांबवितात. या लढतीसाठी बंगळूर आणि चन्नपट्टण येथूनही जेट्टी जातात.

हे सर्व फड राजासमोरचे होते. वाद्ये वाजत ती राजाच्या वैभवासाठी. मराठी मुलुखात मात्र कुस्ती राजवाड्याच्या अंगणातून गावच्या जत्रेत आली, तिथे रुजली आणि तिच्याबरोबरचे वाद्यही बदलले. नगारा आणि तूर्य मागे राहून पुढे आली ती गावची हलगी.

खासबाग

या बदलात राजर्षी शाहू छत्रपतींचा वाटा फार मोठा. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी ते विलायतेला गेले, तेव्हा वाटेत रोममध्ये त्यांनी जुने गोल प्रेक्षागृह पाहिले. आपल्या पैलवानांसाठी असेच मैदान बांधावे ही कल्पना त्यांनी मनात धरली आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्ये मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना आहे. हजारो माणसे एका वेळी बसू शकतात आणि कुठेही बसले तरी हौदा दिसतो.

परंतु दिसणे आणि कळणे यांत फरक आहे. वरच्या रांगेत बसलेल्याला दोन लाल मातीने माखलेली अंगे दिसतात. कोणाचा हात कोणाच्या पटात गेला, पकड घट्ट बसली की निसटली, हे तिथून समजत नाही. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. अशा वेळी हौद्याच्या कडेला उभा असलेला हलगीवाला जे पाहतो ते वाजवतो, आणि वरच्या रांगेतला माणूस कानाने कुस्ती पाहतो. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात, कुंडलच्या आणि वारणानगरच्या मैदानांत, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत हीच पद्धत चालत आली.

हलगी काय सांगते?

ज्यांनी हलगी जवळून पाहिली नाही अशा आपल्या इथल्या मुलांसाठी थोडे वर्णन करतो. हलगी म्हणजे लाकडी किंवा लोखंडी कड्यावर एका बाजूने ताणून बसविलेले कातडे. ती खांद्याला अडकवून छातीपुढे धरतात. एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात पातळ, लवचीक काडी असते. टिपऱ्याने ठोका पडतो आणि काडीने त्याला तडतड भरली जाते. जोडीला खर्जातले घुमके आणि झांजेसारखे कैताळ असते. कातडे गार पडले की आवाज बसतो. म्हणून जवळच पाचोळ्याचा किंवा कागदाचा जाळ करून ते अधूनमधून शेकावे लागते. अलीकडे कातड्याऐवजी फायबरचे पानही बसवितात. त्याला शेकावे लागत नाही.

फडाची सुरुवात लहान पोरांच्या, बत्ताशे-रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची एक नंबरची कुस्ती. ज्या पैलवानाला जोड हवी असते तो हौद्याला फेरी मारतो आणि त्याच्यापुढे हलगी चालते. ही झाली आव्हानाची हलगी. जोड लागली, पंचांनी हात मिळवून दिले, दोघांनी माती कपाळाला लावून सलामी झडविली की हलगी आपली चाल बदलते. खडाखडी चालू असेपर्यंत ठोका संथ आणि मोकळा राहतो. दोघे नुसतेच मनगटे चाचपत असले तर हलगी थोडी डिवचते. कोणी पटात घुसला, कोणी ढाक मारायला फिरला, की ठोके जवळजवळ येतात. खालचा पैलवान घुटन्याखाली सापडला आणि वरचा त्याला उलटवू लागला की ठोक्यांमध्ये फट उरत नाही. आणि पाठ मातीला लागली की एकच कडकडाट होतो. फेटे आणि टोप्या हवेत उडतात, आणि हलगी विजेत्यापुढे चालू लागते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हलगीवाला आधीपासून ठरलेला ताल वाजवीत नाही. त्याचे डोळे सतत मातीवर असतात. डाव ओळखायला अर्धा क्षण उशीर झाला तर त्याचा ठोका मागे पडतो, आणि डाव नसताना हलगी वाढविली तर जाणते प्रेक्षक हसतात. म्हणजे त्याला वाजविता येऊन भागत नाही, कुस्तीही वाचता यावी लागते. वस्तादाइतके नसले तरी पंचाइतके डावपेच त्याला कळावे लागतात.

कोल्हापूरच्याच मर्दानी खेळाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. तिथेही हलगी, घुमके आणि कैताळ हेच वाद्यमेळ. परंतु तिथे पट्टा किंवा लाठी फिरविणाऱ्याचे पाय ठोक्यावर पडतात, पवित्रा तालात बदलतो. लेझमीतही तसेच. तिथे हलगी पुढे आणि खेळणारा मागे. कुस्तीत मात्र लढणारे पुढे आणि हलगी मागे. तेच वाद्य आणि बहुधा तोच वाजविणारा. काम मात्र उलटे.

ऐकणाऱ्याचे काय होते?

पैलवानाला हलगी ऐकू येते का, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. कंसाच्या आखाड्यातले मल्ल वाद्यांनी हर्षित झाले ते लढतीच्या आधी, हे वर आलेच आहे. आजच्या क्रीडाशास्त्रातही याला जुळणारी गोष्ट आढळते. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात या विषयावर अनेक वर्षे काम केलेल्या कोस्टास कारागिओर्गिस यांचे व इतरांचे संशोधन असे सांगते की मेहनतीच्या आधी आणि मध्यम श्रमाच्या वेळी संगीताने अंगात हुरूप येतो व थकवा कमी जाणवतो. परंतु श्रम टोकाला गेले की स्वतःचा श्वास, ठोके आणि दुखणारे अंग यांपुढे मनाला बाहेरच्या संगीताकडे लक्ष देणे जमत नाही. हलगीला हेच लावून पाहिले तर असे म्हणता येते की आव्हानाची फेरी मारताना, शड्डू ठोकताना ती पैलवानाची असते. एकदा गर्दन आणि कंबर आवळली गेली की तिचे त्याच्याशी फारसे काम राहत नाही.

मग ती ऐकतो कोण? तर भोवती बसलेला फड. हलगी वाढली की गप्पा मारणारे गप्प होतात, शेंगा सोलणारे हात थांबतात, मागचे उठून उभे राहतात आणि त्यांच्या मागचे ‘बसा, बसा’ म्हणून ओरडू लागतात. पाच-दहा हजार माणसे, वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या तालमींची, प्रत्येकाचा पैलवान वेगळा. पण त्यांचे लक्ष एकाच ठोक्याला बांधले जाते. एखादा म्हातारा न राहवून उठतो आणि हलगीवाल्याच्या हातात नोट ठेवतो. त्याचा पैलवान हरलेला असला तरी ठेवतो, कारण ती नोट पाहिलेल्या कुस्तीसाठी असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे वाद्य लक्ष बांधते ते डोकेही भडकवू शकते. निकालावरून वाद झाला, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविली आणि गर्दी हौद्यात उतरू लागली, तर हलगी चालू ठेवणे म्हणजे आगीत तेल. म्हणूनच जाणते पंच अशा वेळी सर्वांत आधी हलगीवाल्याकडे हात करून ती थांबवितात. कंसाने ती स्वतःच्या रागापायी थांबविली, पंच ती लोकांच्या भल्यासाठी थांबवितो. दोघांनाही ठाऊक असते की गर्दीची नाडी तिथे आहे.

जगात इतरत्र

ही रीत केवळ आपलीच नाही. थायलंडच्या मुए थाय या मुष्टियुद्धात कडेला वादक बसतात. पी नावाची सनई, दोन ढोल आणि लहान झांज. लढण्याआधी गुरुवंदनेचे नृत्य त्या सुरांवर होते आणि पुढे लढतीबरोबर लय चढत जाते. तुर्कस्तानात एदिर्ने शहराजवळच्या किर्कपिनारच्या कुस्त्यांत पैलवान अंगाला तेल लावून लढतात आणि भोवती दावुल व झुर्ना, म्हणजे ढोल आणि सनई, वाजत असतात. सेनेगलमध्ये कुस्तीच्या दिवशी ढोलांचे ताफे असतात आणि पैलवान त्यावर नाचत, स्वतःची बिरुदे गात मैदानात उतरतो.

आपल्याशी सर्वांत जवळचे नाते आहे ते इराणच्या जूरखान्याचे. पैलवान हा आपला शब्द तिकडूनच आला. जूरखाना म्हणजे त्यांची तालीम. तिथेही जमिनीत खोलगट आखाडा असतो आणि जोर, मुद्गल असे व्यायाम तालावर केले जातात. तो ताल धरणाऱ्याला मुर्शिद म्हणतात. तो ढोल वाजवतो, घंटा देतो आणि जुन्या कवींची काव्ये गातो. २०१० साली युनेस्कोने जूरखान्याची ही परंपरा आणि किर्कपिनारची कुस्ती, दोन्हींना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

मुर्शिदाच्या बाबतीत एक गोष्ट मनाला लागते. त्याची जागा आखाड्यापेक्षा उंचावर असते. सजविलेल्या चौथऱ्यावर तो बसतो. कोणी नामवंत पैलवान आत आला की घंटा वाजवून त्याचा मान करण्याचा अधिकार मुर्शिदाचा. म्हणजे वाजविणारा तिथे गुरुस्थानी आहे. आणि आपला हलगीवाला? तो हौद्याच्या कडेला, धुळीत, उभाच.

वाजविणारे हात

या फरकाचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. कातडे शिवणे आणि चामड्याचे वाद्य वाजविणे ही कामे आपल्या गावगाड्याने ज्यांना अस्पृश्य ठरविले त्यांच्याकडे दिली. हलगी वाजवीत आले ते मातंग, महार, होलार समाजाचे लोक. जत्रा, लग्न, मयत, दवंडी, सगळीकडे त्यांनीच वाजवायचे; मोबदला म्हणजे बलुत्याचे चार दाणे किंवा उरलेसुरले अन्न. वाजविणे ही कला आहे असे कोणी मानले नाही. ती त्यांची पाळी होती, गावकीचे काम होते, आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती.

ज्या शाहू महाराजांनी खासबाग बांधले त्यांनीच १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने खालसा करून त्या माणसांना वेठीतून मोकळे केले, हे विसरून चालणार नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत, विशेषतः १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर, गावकीची हलकी ठरविलेली कामे नाकारण्याचे वारे गावोगाव पोहोचले. मेलेली जनावरे ओढणे सुटले, तसे गावासाठी वाजविणेही अनेक ठिकाणी सुटले. काहींनी हलगी कायमची खुंटीला टांगली. ज्यांच्या आजोबांना ती मान खाली घालून वाजवावी लागली, त्यांच्या नातवाला तिचा आवाज गोड लागत नसेल तर त्याला दोष देता येणार नाही. आपण ‘लोककला लोप पावत चालली’ म्हणून हळहळतो तेव्हा हे ध्यानात ठेवले पाहिजे. लोपली त्यातली काही कला होती हे खरे, पण काही जबरदस्तीही होती.

तरीही हलगी राहिली. काहींनी ती सोडली, तर काहींनी ती स्वतःच्या अटींवर हातात घेतली. ठरवून, बिदागी बोलून, गणवेश घालून, स्वतःच्या मंडळाच्या नावाने. आज कोल्हापूर-सांगलीकडे हलगीची चांगली पथके आहेत. लग्न, मिरवणूक, नाटक-सिनेमा, सगळीकडे त्यांना मागणी असते. कुस्तीच्या मैदानाची पत्रके छापतात त्यांवर पैलवानांची छायाचित्रे, इनामाच्या रकमा, देणगीदार, पंच, निवेदक अशी सर्वांची नावे असतात. अलीकडे काही पत्रकांवर त्या यादीत हलगीवादकाचे नावही दिसू लागले आहे. एका ओळीचीच गोष्ट, पण त्या ओळीला यायला फार वर्षे लागली.

मॅट आणि माईक

दरम्यान कुस्तीच बदलली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. पुढे माती आणि गादी असे दोन विभाग झाले, वेळ आणि गुण आले, शिट्टी आली. निकाली कुस्तीला वेळेचे बंधन नव्हते. अर्धा तास, तास, कधी त्याहूनही अधिक वेळ ती चाले आणि त्या सर्व वेळात हलगीला चढायला-उतरायला जागा असे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत ती जागा उरत नाही. गुणफलकावर आकडा लागतो, त्यामुळे लांबच्या प्रेक्षकाला कुस्ती सांगण्याचे कामही वाद्याकडे राहत नाही. त्यात भर म्हणून ध्वनिक्षेपकावरचे निवेदक आले. चांगला निवेदक पैलवानाचे गाव, तालीम, वस्ताद, डावाचे नाव असे सर्व ज्ञान देतो. त्याचे महत्त्व आहेच. पण तो बोलत असताना हलगीला थांबावे लागते.

खाशाबा हेलसिंकीच्या मॅटवर उतरले तेव्हा तिथे कुठली हलगी असणार! ऑलिंपिकची कुस्ती वाद्याविना चालते. म्हणजे कुस्ती जिंकायला हलगी लागत नाही, हे उघड आहे. पण तेच खाशाबा गावी परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्यासाठी निघाली. पदक कोणाचे, तर एका माणसाचे; आनंद कोणाचा, तर सगळ्या मुलुखाचा. एका माणसाचा पराक्रम सगळ्यांचा व्हायचा असेल तर मध्ये काहीतरी दुवा लागतो. फडात तो दुवा म्हणजे हलगी.

आपण बंगळुरात

बंगळूर या बाबतीत परके शहर नाही. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण इथली कुस्तीची परंपरा त्याहून स्वतंत्र आणि इथल्या मातीतली आहे. जुन्या पेटेच्या गल्ल्यांतून आजही गरडी मने आहेत. गरडी मने म्हणजे आपली तालीम. आत लाल माती, भिंतीशी मारुती, कोपऱ्यात मुद्गल. चैत्र पौर्णिमेच्या करगा उत्सवात तलवारी घेऊन चालणारे तिगळ समाजाचे वीरकुमार अशाच गरड्यांतून तयार होतात.

आणि हलगी? कन्नडमध्ये तिला हलगे म्हणतात. उत्तर कर्नाटकात तर हलगीच. बागलकोटची होळी हलगीसाठी प्रसिद्ध आहे. बंगळूर-म्हैसूरकडे तेच वाद्य तमटे या नावाने ओळखले जाते, तमिळ लोक पराई म्हणतात, तेलुगू लोक डप्पू म्हणतात. नावे वेगळी, थोडी ठेवणही वेगळी. पण कडे, कातडे, दोन काठ्या आणि वाजविणाऱ्याच्या वाट्याला आलेला गावकुसाबाहेरचा इतिहास सगळीकडे सारखा. आपल्या गणपतीच्या विसर्जनाला हलसूरच्या तलावाकडे किंवा सँकी तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकांत जे तमटे वाजतात, ते आपल्या हलगीचेच सख्खे भावंड आहे. मराठी मुले त्यावर नाचतात तेव्हा ती परक्या तालावर नाचत नसतात.

मग हलगी कोणासाठी वाजते? पैलवानासाठी ती लढतीच्या आधी आणि नंतर वाजते. लढत चालू असताना ती वाजते बघणाऱ्यांसाठी, त्या हजारो अनोळखी माणसांना थोडा वेळ एक करण्यासाठी. राजाचे आखाडे गेले, संस्थाने गेली, माती जाऊन मॅट आली, तरी माणसांना एकत्र आणण्याचे ते काम शिल्लक आहे. आपला गणेशोत्सवही त्याच कामासाठी आहे.

म्हणून शेवटी समितीला आणि सर्व सभासदांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची, जाहिरातदारांची, कार्यकारिणीची आणि बक्षीस मिळविलेल्या मुलांची नावे छापली जातात. मिरवणुकीत वाजविणाऱ्यांची नावेही त्यांत यावीत, मग ते कोल्हापूरहून बोलावलेले हलगीवाले असोत की इथलेच तमटेवाले. बिदागी आधी ठरवून, वेळेवर आणि पूर्ण दिली जावी. मिरवणूक संपल्यावर महाप्रसादाच्या पंगतीत त्यांना आपल्या शेजारी पाट मांडला जावा. यासाठी ठराव लागत नाही, खर्चही लागत नाही. पुढच्या वर्षीच्या अंकात त्या नावांचे एक पान असावे, एवढीच अपेक्षा.

गणपती बाप्पा मोरया!